दाढेची पूड

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तेव्हा शेजारच्या खोलीत होतो. छे, टेबलाशीच होतो. हातात करवत होती म्हटल्यावर शेजारच्या खोलीत कसा असेन?

आमच्या प्रयोगशाळेत एका प्राचीन दफनातून आणलेली बाई होती. मिठाच्या थरात पुरलेली, म्हणून दोन हजार वर्षांनीही कातडी, नखं, पापण्या शाबूत. मी तिथला तंत्रज्ञ. आमच्या प्रमुख मॅडम रोज तिच्याकडे बोट दाखवून मला म्हणत, "तुमच्यापेक्षा ही चपळ आहे हो!" वीस वर्षं असले टोमणे ऐकतोय.

नमुन्यांच्या यादीवर सही मॅडमची: दाढ, नख, बरगडीचा तुकडा. सकाळी मी दाढ उपटली, नख काढलं आणि रीतीप्रमाणे दोन्ही यंत्रात दळून पूड केली.

दुपारी डबा खाताना मॅडम घास चावता चावता थांबल्या. तोंडात बोट घातलं. रक्त नाही, कळ नाही. दाढेच्या जागी नुसती गुळगुळीत हिरडी.

"तुम्ही... कुठली दाढ काढलीत?"

"उजवी. खालची."

त्यांनी सावकाश डाव्या हाताचा मोजा उतरवला. अंगठ्याला नख नव्हतं.

खोलीभर ओल्या मिठाचा वास दाटला. यंत्र बंद होतं, तरी आत काहीतरी दळलं जात असल्यासारखी बारीक घरघर येत होती...

"परत बसवा तिला ते सगळं."

"पूड झाली, मॅडम. पुडीची दाढ कशी करू?"

त्यांनी कुशीवर हात दाबला. यादीत आता बरगडीच उरली होती.

"करवत ठेवा खाली... हात जोडते तुमच्यापुढे."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याशी असं बोलल्या. मला दया आली. मी करवत खाली ठेवली.

एवढी शेवटची दोन वाक्यं मी पदरची घातलीत. करवत ठेवली नाही. दयाही आली नाही.

मॅडम अजून कामावर येतात, एका अंगावर कलून चालतात. आज टेबलावर नवी यादी आहे. नमुना एकच, जीभ. मॅडम सकाळपासून कात्रीला धार लावताहेत. यादीखाली सही माझी आहे, थेट माझ्याच वळणाची.

मी ती केलेली नाही.