बरणीतलं माहेर

"ह्याच्या अंगावर मीठ सांडलंय वो!"

शिवकांता त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ते हे. आष्टीच्या बाजारात वडलांच्या, बसप्पाअण्णांच्या, किराणा दुकानात ती एकटीच बसली होती. समोर एक तरणा माणूस, काचेची बरणी तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून. बरणीत मासा. हळदीसारखा पिवळा, अन् अंगभर पांढरे ठिपके.

"मीठ न्हाई, रोग हाय त्यो," तो म्हणाला. "मला जाडं मीठ द्या, ह्याचं पाणी कालवायला, पाच शेर…"

तिनं ऐकलंच नाही. वाडग्यात विहिरीचं पाणी ओतलं, मासा ओंजळीत उचलला अन् दिला सोडून. धुवायला!

"अवो, समुद्राचा हाय! गोड्या पाण्यात मरंल!"

त्यानं वाडग्यात हात घातला. तिनंही घातला. बोटांत बोटं अडकली… मासा आडवा झाला, तसा दोघांनी मिळून तो परत खाऱ्या पाण्यात सोडला.

तिचा चेहरा उतरला. "मेला तर?"

"तर मी बी चाललो मुंबईला."

तो बसवराज. सिरसाळ्याचा. मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर मासे सांभाळायला शिकलेला. आष्टीच्या सुंदरराव देशमुखांनी हौसेनं समुद्राचे चार मासे आणले, काचेचा हौद आणला, अन् त्यांच्यासाठी हा आला. तीन मासे मेले. चौथा दिवाळीत हैदराबादच्या पाहुण्यांना दाखवायचा होता. तो जगला तर बसवराज आष्टीत राहणार. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

दुसऱ्या दिवशी तो पळतच आला. "निम्मे ठिपके गळाले! गोड्या पाण्यानं!"

"मग? मीठच होतं," ती हसली.

चार दिवसांनी मात्र तोंड पाडून आला. ठिपके परत! "ठिपके म्हंजी किडे. ते गळतात, हौदाच्या वाळूत लपतात, तिथं वाढतात अन् पुन्हा ह्याच्याच अंगावर चढतात."

"मग तसल्या सासरी त्याला ठेवता कावून? माहेरी आणा."

"कोणच्या माहेरी?"

तिनं लोणच्याची धुतलेली चिनी बरणी पुढं सरकवली. "सव्वा महिना. बाळंतिणीवानी."

तो बघतच राहिला. हौदात मासाच नसला… तर किडे खातील काय? उपाशीच मरतील की!

मासा दुकानात राहिला, अन् बसवराजचं रोजच येणं सुरू झालं. दर तिसऱ्या दिवशी मासा दुसऱ्या बरणीत, पहिली उकळत्या पाण्यानं धुवून उन्हात. पाणी तो कालवायचा, चव ती बघायची. बोट जिभेला लावून.

"किती खारट पायजे पर?"

"रडल्यावर ओठावर येतं… त्याच्या लई वर."

"तुमी रडलात कधी?"

"तीनदा. तीन मासे मेले तवा."

ती हसणार होती. हसलीच नाही. त्याच्याकडं बघत राहिली… बोट तसंच ओठावर.

"काय बे सिरसाळकर," अण्णा गादीवरून ओरडले, "मासा पोहतो का तूच बुडतो?"

दुकानासमोरच्या लिंबाखालचा चिखल वाळला. मासा चकाकायला लागला. पिवळ्यावर निळी रेघ होती, हे दोघांनाही तेव्हाच कळलं.

चाळिसावा दिवस. देशमुखांची बैलगाडी मासा न्यायला दारात उभी. शिवकांता बरणीवर वाकली ती उठेचना.

"एक ठिपका राह्यलाय… शेपटीपशी. अजून आठ दिस तरी—"

तो खाली वाकला. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास. बराच वेळ बघितलं त्यानं. शेपटी स्वच्छ होती. अन् 'हाय' म्हणलं, की आठ दिवस मिळत होते…

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "ठिपका न्हाई. मासा आज जाणार."

तिनं मान फिरवली. "जा मग. आता काय काम तुमचं हितं."

"हाय की काम." तो उठून उभा राहिला. "माशाचं नाव सांगून न्हाई यायचं मला. तुमचं नाव सांगून यायचंय… अण्णास्नी विचारू?"

बाहेर बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. शिवकांतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.

"अण्णा," तिनं हाक मारली, "बाहेर या. सिरसाळकरांना कायतरी मागायचंय."

"मीठ का?" आतून आवाज आला.

ती लाजून लालेलाल.

"न्हाई वो अण्णा… मीठ न्हाई."