मागच्या दारानं

या लग्नातून रत्नमालाबाईंना काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकू. नागपूरचे व्याही मिळणार होते. त्यांची चारचाकी पवनीच्या अरुंद गल्लीत, सगळ्यांना वळसा घालून जावं लागेल अशी आडवी उभी राहणार होती. 'आमचे जावई इंजिनिअर' हे वाक्य मिळणार होतं, आणि त्याचा सराव बाईंनी आरशासमोर कधीच सुरू केला होता. सगळ्यात मोठा लाभ म्हणजे आसगावचा तलाव, तिथली जाळी आणि तिथले भाऊबंद, यांचं नाव पुन्हा तोंडातून काढावं लागणार नव्हतं.

गंमत अशी, की नागपूरचे पाहुणेही तलावावरचेच. सोयरीक जातीतच करायची म्हटल्यावर दुसरे येणार कुठून? यांचे वाडवडील आसगावला जाळी टाकत, त्यांचे लाखांदूरकडे. दोन्ही घरांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि दोन्ही घरं एकमेकांपासून ते जिवापाड लपवत होती.

रत्नमालाबाईंचे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते गेल्यावर मागं उरलं ते घर, पेन्शन आणि एक मुलगी, रंजू. घरात सोफा होता, पण त्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे कप होते, त्यांना कुणाचे ओठ लागलेले नव्हते. माशाला बाई 'नॉनव्हेज' म्हणत, आणि कधी रांधलंच तर खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून. भाजीवाला असो, दूधवाला असो, आसगावचा सख्खा चुलतभाऊ असो, सगळ्यांना एकच हुकूम: "मागच्या दारानं या."

रंजू लाखांदूरच्या एका कॉन्व्हेंटात लहानग्यांना इंग्रजी बडबडगीतं शिकवायची. आई बाहेर सांगायची, "ती शैक्षणिक क्षेत्रात आहे."

तो भेटला तो एका भिजट दुपारी. धान केव्हाच घरी गेलं होतं, शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या, आणि भर माघात काही कारण नसताना आभाळ खाली उतरलं होतं. पवनीला परतणारी एस.टी. आसगाव फाट्यावर खोकली आणि बंदच पडली. रंजू भुरभुर पावसातून धावत छपराखाली गेली. तिथं बाकावर एक पोरगा बसला होता. पायाशी थर्माकोलचा डबा, हातात मोबाइल, आणि एकटाच हसत होता... खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

डब्याचा वास आला. रंजूचा हात आपसूक ओढणीकडे गेला, ओढणी नाकाकडे.

"वास मासोळीचा आहे," तो मान वर न करता म्हणाला. "माझा नोहोय."

"मी काही म्हटलं का?"

"तुमी नाही. ओढणी बोलली."

तिला हसू आलं, ते तिनं ओढणीतच दडवलं. "आन् तुमी एकटेच काय हासून राहिले?"

"एक बाई आहे. विलायतेतली. जुनी मालिका होय, आपल्या जन्माच्या आधीची." त्यानं इअरफोनचं एक टोक पुढं केलं. "पाहा ना. एक कान तुमचा, एक माझा."

घ्यावं की नको... एस.टी. तर हलायचं नाव घेत नव्हती. तिनं घेतलं.

पडद्यावर टोपी घातलेली बाई नाजूक कप मांडत होती. दाराशी कुणी बडी पाहुणी उतरली होती, आणि नेमका त्याच वेळी बाईचा सख्खा भाऊ फाटका कोट घालून फाटकातून आत शिरत होता. बाईनं पाहुणीकडे पाहून गोड हसू धरलं आणि पाठीमागं हात नेऊन भावाला खुणावलं... मागून ये, मागून!

रंजू खळखळून हसली. मग एकदम थांबली.

"अगं बाई... हे तं माझी आई होय!"

"सगळ्यायचीच राहते," तो म्हणाला. "म्हून तं पाहातो. ज्यायच्यासारखं व्हावं म्हून आपण इथं मरून राहिलो, ते तिकडं आणखी कोणासारखं व्हावं म्हून मरून राहिले. बरं वाटते. लाज काही आपल्यालेच वाटते असं नाही."

त्याचं नाव निकेश. बी.ए. झालेला. आसगावच्या तलावावर बापासोबत जाळं टाकायचा आणि मासे पवनीच्या बाजारात न्यायचा. पाऊस वाढला. वायर आखूड होती, त्यामुळे दोन डोकी जवळ आली. तेवढ्यात एस.टी. सुरू झाली आणि रंजूला पहिल्यांदाच एखाद्या गाडीचा राग आला.

पुढं मग तीच एस.टी., तीच मागची सीट. रंजू खिडकीपाशी, निकेश शेजारी, डबा पायाशी, वायर दोघांमध्ये. हसायला ती टोपीवाली बाई, आणि ती कमी पडली तर रत्नमालाबाई होत्याच.

"काल आईनं भेंडीवाल्याले सांगितलं, आवाज खाली ठेव, पाहुणे आहेत."

"होते का पाहुणे?"

"नाही ना! टीव्ही चालू होता."

तो हसायचा, आणि त्याच्या हसण्याचा धक्का तिच्या खांद्याला लागायचा. त्या धक्क्यासाठी ती घरची एकेक गोष्ट उकलून सांगायची. आईचं इतकं उघडं करावं का, असं एखाद्या वेळी मनात यायचं... पण धक्का गोड होता.

एका संध्याकाळी तिनं सांगितलं, "नागपूरचे येऊन राहिले. रविवारी."

निकेशनं मोबाइल बंद केला. बाहेर वैनगंगेवर राखेसारखं धुकं होतं.

"आमच्या तलावावर एक रीत आहे," तो हळूच म्हणाला. "पोरगी मागाले जाणारा पोरगा सोताच्या हातानं धरलेली मासोळी घेऊन समोरच्या दारानं जाते. बोलाचं काही राहत नाही. पोरीनं हातात घेतली, का झालं."

"आन् नाही घेतली तं?"

"तं मासोळी वाया जात नाही. घरचे रांधून खातात." तो हसला, पण धक्का लागला नाही. "येऊ?"

रंजूनं खिडकीच्या काचेवर बोटानं एक रेघ ओढली. पुसली.

"ये. सगळ्यायच्या समोर घेईन."

रविवारी आभाळ पुन्हा भरून आलं. नागपूरची चारचाकी आडवी लागली. सोफ्याचं प्लास्टिक निघालं, सोनेरी काठाचे कप बाहेर आले. नवरामुलगा योगेंद्र माणूस म्हणून बरा होता, घाबरलेला. त्याची आई मात्र सोफ्याच्या टोकावर अशी बसली होती, जणू सोफ्यानं तिला बसायची विनंती केली असावी.

"आम्ही मूळचे नागपूरकडचेच," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"आम्ही तर पहिल्यापासूनच," पाहुणीबाई म्हणाल्या.

रंजू चहाचा ट्रे घेऊन आली, आणि दारात सावली पडली.

इस्त्रीचा पांढरा शर्ट. खांद्यांवर पावसाचे थेंब. हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेली मरळ, शेपूट बाहेर. त्यानं पायपुसण्यावर चपला नीट पुसल्या आणि सरळ रंजूकडे पाहिलं. त्या पाहण्यात त्या मागच्या सीटवरच्या साऱ्या संध्याकाळी होत्या.

"कोण आलंय?" पाहुणीबाईंनी विचारलं.

ट्रे तेवढा खाली ठेवायचा होता. दोन पावलं पुढं जायचं होतं. रंजूच्या हातात ते कप किणकिणत होते... कप सांभाळावेत असं तिला का वाटलं, कुणास ठाऊक. आणि मग तिनं एक आवाज ऐकला. गोड, शहरी, थंड.

"मागच्या दारानं द्या, भाऊ."

आई बोलली असं तिला वाटलं. तिनं आईकडे पाहिलं. आईचं तोंड मिटलेलं होतं.

मालिकेत या जागी सगळे हसतात. निकेशच्या ओठांचा कोपरा हलला खरा, पण हसू आलं नाही. त्यानं मान लववली.

"हो, ताई."

आणि तो घराला वळसा घालून गेला.

 मग पाहुणीबाईंचं नाक हललं.

"मरळ होती ना? कोणत्या तलावाची?" बोलून गेल्या आणि जीभ चावली. "म्हणजे... नॉनव्हेज आम्ही फारसं घेत नाही. पण आता आलीच आहे, तर..."

मरळ रांधली गेली. खिडक्या उघड्याच राहिल्या. पाहुणीबाई काटा तोंडातल्या तोंडात वेगळा करून ओठांच्या कोपऱ्यातून अलगद काढत होत्या. हे कसब नागपूरच्या फ्लॅटमध्ये शिकता येत नाही. रत्नमालाबाईंनी ते पाहिलं, त्यांनी पाहिल्याचं पाहुणीबाईंनी पाहिलं, आणि दोघींच्या जिवाचं ओझं उतरलं. रस्सा दुसऱ्यांदा वाढेपर्यंत सोयरीक जमली होती. निकेशनं मागणीसाठी धरलेल्या मासोळीवरच.

रंजूच्या पानातला तुकडा तसाच होता.

पाहुणे गेल्यावर आई ओट्याशी कप धूत होती. रंजूनं सगळं सांगितलं. एस.टी., वायर, रीत. आई रागावली नाही. तिनं नळ बंद केला.

"डोक्यावर टोपली घेऊन मी या पवनीतच हिंडलो व," ती म्हणाली. रंजूनं तिची ही बोली कधी ऐकलीच नव्हती. "ज्या घरी जावं, तिथं एकच. मागच्या दारानं ये. तुले कोणी तसं म्हणू नये म्हून एवढं सारं केलं. तू म्हणशील, असं नाही वाटलं मले."

पुसताना एक कप हातातून निसटला. कुणी वाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंजू आसगाव फाट्यावर उतरली. तलावाचं पाणी शिशासारखं मळकट होतं. निकेश पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून जाळं सांधत होता.

"मी नागपूरले नाही म्हणून सांगतो," ती म्हणाली. "आज, घरी जाऊन. तू म्हणशील तं सगळ्या गावासमोर."

"सांगशीलबी. मले ठाऊक आहे."

"मंग?"

त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "ते टोपीवाली टीव्हीत आहे म्हून हासू येते, रंजू. घरात आली का नाही येत."

"एकडाव चुकलं रे... बोलून गेलो."

"तेच तं. ठरवून बोलली असतीस तं भांडलो असतो." आता त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आता जवाजवा पाहुणे येतील, तवातवा मी तुझ्या तोंडाकडं पाहीन. आज कोणतं दार सांगते म्हून. तुलेबी ते समजन. अशानं दोघंबी मरू."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. इतके दिवस हे एवढंच सांगायचं राहिलं होतं.

"माझंबी आहे," तो म्हणाला. "म्हून तं समोरून आलो होतो."

लांबून एस.टी.चा आवाज आला. तिच्या मागं तो उठला नाही. वळून पाहिलं तेव्हा तो जाळ्यावर वाकलेला होता, आणि बोटं चालत नव्हती.

वैशाखात लग्न झालं. योगेंद्र खरंच बरा निघाला. एका सुट्टीला त्यानं मोबाइलवर कुठूनशी तीच जुनी मालिका काढली. थोडा वेळ पाहिलं आणि पोट धरून हसला. "अगं, ही तर अगदी माझी आई!"

रंजूनं पडद्याकडे पाहिलं. टोपीवाली बाई गोड हसत हात मागं नेत होती.

"नाही," ती म्हणाली. "तुमची नाही."

तर रत्नमालाबाईंना व्याही मिळाले, गल्लीत गाडी लागली, वाक्य म्हणायला मिळालं. फक्त हल्ली त्या पुढचं दार लावून घेत नाहीत; भाजीवालाही तिथूनच येतो. पाहुणीबाईंना बऱ्याच वर्षांनी तलावाची मरळ मिळाली. योगेंद्रला बायको मिळाली. ज्यानं ती मरळ धरली, त्याला त्या घरात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. सगळ्यांच्या वाट्याचं मोल त्यानं एकट्यानं भरलं. जे उरलं ते रंजू भरते. फ्लॅटची बेल वाजली, पाण्याचा कॅनवाला असो की कचरा न्यायला आलेली बाई, ती हातातलं काम टाकून स्वतः उठते, दार पूर्ण उघडते, आणि म्हणते, "या ना, आत या." ते चपला पुसतात, तेव्हा ती मान दुसरीकडे वळवते.