वीसच्या हद्दीत

मी धावतपळत सभागृहात शिरले तेव्हा वर्ग घेणाऱ्या बेननबाई दार लावायला उठल्याच होत्या.

"या, या!" त्या म्हणाल्या. "गाडी सावकाश चालवायला शिकायचंय, आणि आलात धावत!"

सगळा वर्ग हसला. मी कानापर्यंत लाल झाले. एकच खुर्ची रिकामी होती... मागच्या रांगेत, खिडकीपाशी. बाहेर ॲबरिस्टविथचा समुद्र पावसात करडा झाला होता. शेजारी काळा सूट, काळा टाय, तांबूस दाढी आणि खूप शांत डोळे. त्यानं आपला ओला कोट माझ्या खुर्चीवरून उचलला आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

"किती?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"एक पुरे."

"बिस्किटं नाही हो... वेग."

"ओह! ताशी अठ्ठावीस मैल. वीसच्या हद्दीत. तुम्ही?"

"सव्वीस."

"मग तुम्ही अगदीच साधू माणूस! कुठे धरलं?"

"लानवेनच्या चढावर. चॅपलसमोर ती पांढरी गाडी उभी असते ना..."

"कॅमेऱ्याची! अहो, मलाही तिथेच—"

"मागच्या रांगेतले दोघं," बेननबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आमची हरकत नसेल तर वर्ग सुरू करू?"

वेगमर्यादा मोडली की पोलिसांचं पत्र येतं. दंड भरा आणि परवान्यावर काळे गुण घ्या, नाहीतर अर्धा दिवस या वर्गात बसा. माझ्या परवान्यावर आधीच गुण होते. आणखी पडले असते तर गाडी हातातून जायची वेळ आली असती, आणि गाडीशिवाय मी कसली सुईण? आमच्या भागात बाळं डोंगरावरच्या घरांत जन्मतात. दोन शेतांमध्ये मैलोन्‌मैल फक्त मेंढ्या. त्यामुळे मी आले होते, नाक मुरडत आले होते. वीसच्या हद्दीत अठ्ठावीस म्हणजे काय मोठा गुन्हा झाला!

बाईंनी पहिलंच काम दिलं. "शेजाऱ्याला सांगा, त्या दिवशी कसली एवढी घाई होती."

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"मी सुईण आहे. मेलेरी. त्या दिवशी जुळी येत होती... आणि जुळी कोणासाठी थांबत नाहीत. तुम्ही?"

तो जरा घुटमळला. "मी इओलो. मीही कामावरच होतो. मी... शववाहिका चालवतो. वडिलांचा अंत्यसंस्कारांचा व्यवसाय आहे, तो आता मी बघतो."

मला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून मी म्हटलं, "शववाहिका वेगात पकडली? पण तुमच्या गिऱ्हाइकाला कसली घाई होती हो?"

तोही हसला. पण मग हलकेच म्हणाला, "गाडी रिकामी होती. डोंगरावरच्या एका आजीबाईंचा फोन आला होता. नवरा सकाळी खुर्चीतच गेला. म्हणाल्या, 'चहा टाकायला आत जायचंय रे, पण ह्यांना एकटं कसं सोडू?' ...म्हणून जरा दामटली."

माझं हसू ओठांवरच राहिलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मेलेल्या माणसाला दोन मिनिटं एकटं वाटू नये म्हणून घाई करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग बेननबाईंनी जमिनीवर एक लांब पिवळी पट्टी अंथरली. एका ठिकाणी खुर्ची ठेवली.

"वीसच्या वेगातली गाडी इथे थांबते," त्या म्हणाल्या. "खुर्चीला न लागता. आता त्याच जागी, त्याच क्षणी, तीसच्या वेगातल्या गाडीनं ब्रेक दाबला. खुर्चीपाशी तिचा वेग किती असेल?"

"पाच?" कोणीतरी म्हणालं. "सात-आठ?"

"अजून वीसच्या वर असतो."

ती साधी लाकडी खुर्ची... मला तिच्या जागी लानवेनच्या चढावर बाबागाडी ढकलणारी एखादी आई दिसली. मीच जिच्या बाळाला जगात आणलं होतं, अशी. शेजारी इओलो नुसता खुर्चीकडे बघत होता. अशा खुर्चीचं पुढे काय होतं, ते त्या खोलीत एकट्या त्यालाच माहीत होतं.

वर्ग सुटल्यावर पायरीवर आम्ही दोघंही उगाच रेंगाळलो. त्यानं छत्री उघडली. भली मोठी काळी, दफनाला धरतात तसली.

"पुन्हा भेटू या?" तो म्हणाला, आणि लगेच गडबडला. "म्हणजे... माझ्या कामानिमित्त नाही."

"माझ्याही कामानिमित्त नको," मी म्हटलं. "एवढ्यात तरी!"

त्याच्या दाढीच्या वर गाल लालबुंद झाले. मला ते फार आवडलं.

आम्ही भेटत राहिलो. कधी बंदरावर, कधी माझ्या दोन घरभेटींच्या मध्ये, गाडीतच चहा. तिसऱ्या भेटीत मी चुकून "तू" म्हणून गेले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"पुन्हा म्हण ना," तो म्हणाला. आणि अहोजाहो तिथेच संपलं.

पण त्यापुढे तो काही बोलायचा नाही. हात जवळ यायचा, थबकायचा, परत खिशात जायचा. मीही वाट पाहायची ठरवलं होतं... आणि वाट पाहणं मला मुळीच जमत नाही.

मार्चमधली एक पहाट. धुकं इतकं, की फाटक दिसेना. फोनवर ग्वीन होता, वरच्या शेतावरचा, नेरीसचा नवरा. "मेलेरी, नेरीसला कळा सुरू झाल्यात. भराभर येताहेत."

नेरीसचं बाळंतपण माझ्याकडे नवीन आलं होतं. आधीची सुईण निवृत्त झाली होती. एवढंच ठाऊक होतं की पहिली मुलगी जन्मतःच गेली होती, आणि या वेळी नेरीसनं हट्ट धरला होता... दवाखाना नको, घरीच. डॉक्टरांनी सगळं तपासून होकार दिला होता. मी पिशव्या उचलल्या, गाडीत बसले, किल्ली फिरवली. काहीच नाही. बॅटरी ठार! जोडीदार सुईण ॲबरिस्टविथहून निघाली होती, पण या धुक्यात ती कधी पोचणार? मी इओलोला फोन लावला.

तो आला, तेव्हा धुक्यातून एक लांबलचक काळं नाक हळूहळू बाहेर आलं.

"ही?" मी किंचाळले.

"घरची गाडी भावाकडे आहे. चल, बैस."

मी त्याच्या शेजारी बसले. मागे, जिथे शवपेटी ठेवतात तिथे, प्राणवायूची नळकांडी आणि माझ्या पिशव्या. आम्ही डोंगर चढू लागलो. सावकाश. फारच सावकाश.

"इओलो, हाण ना गाडी!"

"दिसत नाहीये, मेलेरी."

"रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही! तिचं दुसरं आहे, पटकन होईल. तुला कळत कसं नाही?"

"कळतंय," तो म्हणाला. आणि वेग तेवढाच ठेवला.

मी मुठी आवळल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला तो अजिबात आवडत नव्हता. पुढच्या वळणावर त्यानं एकदम ब्रेक दाबला. गाडी थांबली. समोर, हात लांबवला असता तर लागली असती इतक्या जवळ, एक मेंढी रस्त्यात उभी होती. तिच्या पायांशी नुकतंच जन्मलेलं कोकरू... ओलं, वाफाळतं. ते उठायचं, पडायचं, पुन्हा उठायचं.

आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. माझ्या वेगानं आलो असतो तर... ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नाही. इओलो खाली उतरला. त्यानं आपल्या काळ्या कोटात कोकरू उचललं, गवतावर ठेवलं, आणि आई ओरडत त्याच्यामागे गेली. तो परत येऊन बसला, आणि गाडी तेवढ्याच वेगानं पुढे निघाली.

शेताचं खालचं फाटक आलं. त्यानं इंजिन बंद केलं.

"इथे का? घर वर आहे."

"ही गाडी वर नको." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तीन वर्षांपूर्वी मी हीच घेऊन आलो होतो, मेलेरी. त्यांच्या मुलीसाठी. नेरीस खिडकीत उभी होती. आज तिनं ही गाडी पाहायला नको."

त्यानं नळकांडी खांद्यावर घेतली, दोन्ही पिशव्या उचलल्या, आणि ती चढण आम्ही पळत चढलो. तिथे मात्र तो माझ्यापुढे होता.

दाराशी सामान ठेवून तो मागे सरला. मी आत गेले. नेरीस पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला, की नखं रुतली.

"मेलेरी, ही रडेल ना? सांग ना... रडेल ना?"

"जोर लाव, राणी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

बाळ आलं. नाळेचा वेढा मानेभोवती. मी तो सोडवला. बाळ निळसर, गप्प. टॉवेलनं पाठ पुसली, चोळली. गप्प. ग्वीननं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पुन्हा चोळलं, जोरानं, आणि मनातल्या मनात ओरडत होते, ये ना गं, ये...

आणि ती रडली.

मी शेकडो पहिली रडणी ऐकली आहेत. पण ज्या घरात एकदा ते रडणं आलंच नव्हतं, तिथलं रडणं निराळं असतं. सगळं घर जणू त्याच्यासमोर उभं राहिलं.

जोडीदार सुईण पोचली, नेरीसला सावरून बसवलं, चहा आला. मग ग्वीननं खिडकीतून पाहिलं. अंगणात, ओल्या दगडावर, इओलो बसला होता. ग्वीन ओळखून एकदम थबकला. त्यानं नेरीसकडे पाहिलं. नेरीसनं बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं.

"बोलाव त्याला," ती म्हणाली. "माझ्या पहिलीला त्यानं किती जपून नेलं होतं... पाहिलंय मी. हिलाही भेटू दे."

इओलो उंबऱ्यात आला, बूट काढून, टाय सरळ करून. नेरीसनं बाळ त्याच्या हातात दिलं. त्याला कसं धरायचं ते नीट येत होतं. फक्त या वेळी हातातलं ओझं हलत होतं, जांभई देत होतं, इवल्या मुठीनं त्याचा काळा टाय पकडत होतं. "केवढी... केवढी गरम आहे ही," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नेरीस रडता रडता हसली. मी चहाचा कप हातात धरून उभी होते. पिण्याचं भानच नव्हतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा धुकं दरीत उतरलं होतं, आणि त्याच्या वर सगळे डोंगर उन्हात उभे होते, आत्ताच कोणी बाहेर आणून ठेवल्यासारखे.

"रोज असं असतं?" त्यानं विचारलं. "तुझ्या कामात?"

"रोज. आणि अजून सवय झाली नाही."

तो थांबला. हात खिशात गेला... आणि परत बाहेर आला.

"मेलेरी, लोक माझ्याशी हात मिळवतात ना, तेव्हा मी पाहतो... नंतर हळूच कोटाला पुसतात. म्हणून मी इतके दिवस..."

मी त्याला वाक्य संपवू दिलं नाही. दोन्ही हातांत त्याचा हात घेतला आणि माझ्या गालाला लावला. थंडगार होता. मी तसाच धरून ठेवला.

"आता बोल," मी म्हटलं.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "फार."

"माहितेय. अजून?"

"अजून काय... जन्मभर आवडशील, असं वाटतंय."

खाली फाटकापाशी मेंढ्या ओरडत होत्या. घरातून पुन्हा त्या चिमुकलीचा आवाज आला, या वेळी चांगलाच चिडलेला. आम्ही दोघांनी एकदमच वळून त्या खिडकीकडे पाहिलं, आणि हसत सुटलो. हात तसाच हातात होता.