आठवं पार्टिशन

लोर्ना हौगनला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, डिस्कची पार्टिशनं वाचणारा भाग गेली चार वर्षं तीच सांभाळत होती. त्याआधी तो व्हर्ल कोस्टकाकडे असायचा. व्हर्ल वारला, आणि आज त्याची बायको आर्लीन त्याची जुनी डिस्क नि डबाभर रुबार्बच्या वड्या घेऊन भर दुपारी डुलुथमधल्या लोर्नाच्या घरी आली होती.

"सात कप्पे दिसायचे गं. नवी सिस्टिम टाकली नि सातवा गडप! त्याचा आवाज त्यातच आहे."

चूक शोधायला लोर्नाला दहा मिनिटं पुरली. डिस्कच्या शेवटापलीकडे जाणारं पार्टिशन नाकारायचं, ही तपासणी तिनेच घातली होती. पण अगदी शेवटच्या सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या शेवटच्या घरावर, संपणारंही त्यात बाद होत होतं. एकाचा फरक!

"घोळ माझाच," ती हसली. "व्हर्लनी कान उपटले असते माझे."

तिने कोडमधलं एक चिन्ह बदललं. अशा दुरुस्तीच्या, म्हणजे पॅचच्या, खाली नावं लिहायचा रिवाज होता. 'कळवलं'पुढे तिने आर्लीनचं नाव घातलं. 'तपासलं'पुढची जागा दुसऱ्या कुणी तपासेपर्यंत रिकामी ठेवली. मशीन पुन्हा सुरू केलं आणि सातवं पार्टिशन हजर झालं.

त्यात कामाच्या बैठकांची रेकॉर्डिंगं होती. व्हर्ल भांडत होता, खोकत होता. आर्लीनने सगळी शेवटपर्यंत ऐकली.

"साऱ्या जगाची नावं घेतली मेल्यानं. माझं तेवढं नाही." तिचे डोळे भरून आले. "अजून आहे का काही?"

लोर्नाने यादी पाहिली. आठ.

आठवं डिस्क संपल्यानंतर सुरू होत होतं. तिथे सेक्टरच नव्हते. तिने तीनदा आकडे ताडून पाहिले. तपासणी आता बिनचूक होती. त्या तपासणीने हे नाकारायलाच हवं होतं.

आत एकच फाइल होती. तारीख आजची.

"लाव ना," आर्लीन म्हणाली.

खोकला. खुर्चीची कुरकुर. मग आर्लीनचाच आवाज: "अजून आहे का काही?"

लोर्नाने डिस्कची केबल उपसली.

"आर्लीन," स्पीकरमधून व्हर्ल मायेने म्हणाला, "तिला सांग, मी तपासलं. माझं नाव घाल म्हणावं."

आर्लीन रडत रडत हसली. "ऐकलंस ना? घाल गं."

केबलचं सुटं टोक लोर्नाच्या मुठीत होतं. व्हर्ल पुन्हा खोकला.