मागावरचं घर

"वीतभर कापडासाठी गुप्तहेर?" फाटक उघडताना मास्तर पुटपुटले, ते आपल्या घराच्या पायरीवर वाट बघणाऱ्या घड्याळजींना ऐकू आलं.

मास्तर हे गुप्तहेर बाईंचे नेहमीचे सोबती. बाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या शेजारचं घर न्याहाळत होत्या. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. घड्याळजींचं दार डावीकडे, खिडकी उजवीकडे. शेजारचं नेमकं उलट.

घड्याळजींनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. बायकोला जाऊन महिनाही झाला नव्हता. तिच्या छोट्या मागावर आता ताण्याच्या उभ्या धाग्यांची कापलेली टोकं तेवढी होती, आखूड आणि एका रेषेत.

"आजारपणात विणत होती. चित्र तिनेच काढलं, रंग तिनेच ठरवले. आमचं घर. डावीकडे दार, उजवीकडे खिडकी."

"तुमच्यासाठी आहे, असं त्या म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला हवं? रोज तिच्या पाठीशी उभा राहून बघायचो. सगळीकडे धागे लोंबत असायचे. म्हटलंसुद्धा, किती गबाळं काम. नुसती हसली. तिची तेवढी एक वस्तू मला हवीय, बाई. मेहुणीनेच नेली असणार. शेजारीच राहते. भिंतीत खिळा ठोकण्यावरून आमचं वाजलं, तेव्हापासून तिला इथे बंदी आहे."

"खिळ्यावरून?" मास्तर म्हणाले.

"मोठा खिळा होता."

बाई शेजारी गेल्या. घड्याळजी आपल्या पायरीवरून कान देऊन ऐकत राहिले.

मेहुणीने दार अर्धंच उघडलं. "त्या घरात मी पाय ठेवलेला नाही. ताई गेली तेव्हाही ठेवू दिला नाही."

बाई परत आल्या तेव्हा घड्याळजींची मुलगी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"मी काही चोरलेलं नाही," ती म्हणाली.

"विणता येतं?"

"आईने शिकवलंय."

"मेहुणीच," मास्तर बाईंच्या कानाशी कुजबुजले.

"मास्तर, तुम्ही जरा पाणी प्या."

बाईंनी बापलेकीला मागापाशी बोलावलं.

"चोर मिळेल तिथे कात्री चालवतो. इथे मागावर आखूड टोकं ठेवून कापडाकडे लांब दोरे राखलेत, कडेला गाठी मारायला. म्हणजे कापणाऱ्याला विणता येतं. मेहुणी आत आलेली नाही. उरली तुमची मुलगी."

घड्याळजी वळले. "तू?"

"थांबा. चोरलं नाही म्हणाली, ते खरंय. असं चित्र बरेचदा पाठीकडून विणतात. धाग्यांची टोकं विणणाऱ्याच्या बाजूला सोडतात. लोंबते धागे तुम्हाला दिसायचे, म्हणजे तुम्ही रोज कापडाची पाठ बघत होतात. ते उलटवलं, की दार उजवीकडे जातं."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "शेजारचं घर."

"आईनेच सांगितलं होतं, मी गेल्यावर मावशीला दे," मुलगी म्हणाली. "मावशीला एकदा येऊ द्या म्हणून तिने तुम्हाला किती विनवलं. मग विनवणं सोडलं आणि विणायला बसली."

"माझ्यासाठी काही ठेवलं?"

"नाही, बाबा."

घड्याळजी अनवाणीच बाहेर पडले. शेजारचं दार त्यांनी हळूच वाजवलं.

"कोण?"

भावोजी म्हणावं, तर ते नातं त्यांनीच मोडलं होतं. ताईचा नवरा म्हणावं, तर जीभ रेटेना.

आतून पुन्हा विचारलं.

मग आतून कडी घातल्याचा आवाज आला.