रविवारपुरतं नाक

"इतकं हळू टोचलंत तर मी उगाच परत येईन हां..."

घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये सम्यक हे म्हणाला, तेव्हा मी रक्त घेऊन, सुई काढून त्याच्या हातावर कापूस दाबत होते. ओळख ना पाळख, आणि आगाऊपणा केवढा!

"यावंच लागणार आहे," मी म्हटलं. "दर महिन्याला."

तो माहुलचा. लहानपणापासून सायनसनं बेजार. दोनदा ऑपरेशन झालं, नाकात मांस पुन्हा वाढलं आणि वास येणंच बंद झालं. केटररकडे स्वयंपाकी होता. भाजी करपलेली कळेना, म्हणून काम सुटलं. आता एकच आशा होती. एका हॉस्पिटलच्या अभ्यासात निवड झाली, तर नवं इंजेक्शन फुकट मिळणार होतं. त्यासाठी रक्तातल्या इओसिनोफिल पेशी ठरलेल्या आकड्याच्या वर हव्या होत्या. त्या वाढल्या म्हणजे आत सूज आहे, आणि अशाच रुग्णांना ते इंजेक्शन लागू पडतं.

त्याचा आकडा दर खेपेला भरपूर वर यायचा. "शाळेत कधी एवढे मार्क पडले नाहीत," तो हसायचा. मला ते हसणं आवडायला लागलं होतं... जरा जास्तच.

"रविवारी खाडीकडे येशील?" त्यानं एकदा विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

ड्यूटी संपवून तशीच धावत गेले. घामेजलेली, केस विस्कटलेले. तो अगदी जवळ आला, डोळे मिटून त्यानं लांब श्वास घेतला. मला वाटलं, आता हात धरेल. कसला धरतोय! नुसता वेड्यासारखा हसत राहिला.

मंगळवारी निवडीची शेवटची तपासणी होती.

"गोळ्या-बिळ्या काही घेतल्या नाहीस ना?"

"नाही गं."

संध्याकाळी आकडा पाहिला आणि नमुना पुन्हा तपासला. पेशी जवळजवळ नव्हत्याच. दोन दिवसांत हॉस्पिटलनं त्याचं नाव काढलं, त्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

मी त्याला लॅबच्या जिन्यात गाठलं. "स्टिरॉइड घेतलंस ना? खरं सांग."

"मागच्या गोळ्या उरल्या होत्या... त्या घेतल्या की थोडे दिवस वास येतो. रविवारीच संपल्या. म्हटलं, आता काय फरक पडतोय? रक्तातला आकडा उतरतो हे मला काय माहीत!"

"पण कशासाठी? वाट लावलीस ना स्वतःची!"

"एकदा तरी कळायला नको? तू जवळ आलीस की... कसा वास येतो ते."

मला रडूच फुटलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्या क्षणी मला त्याचा भयंकर रागही आला होता.

"मग? कसा येतो?"

"स्पिरिटचा," तो म्हणाला. "आणि थोडा घामाचा. झकास एकदम."

काल पुन्हा खाडीवर गेलो. मला सुट्टी होती. न्हाऊन, केसांत सोनचाफा माळून गेले होते. रिक्षावालासुद्धा मागे वळून म्हणाला, "चाफा ना, मॅडम?"

सम्यक जवळ आला. डोळे मिटून त्यानं लांब श्वास घेतला. नाकातून नुसती घरघर झाली.

"येतोय," तो म्हणाला.

"कसला रे?"

"तोच की... स्पिरिटचा."

केसांतलं फूल त्याच्या नाकापासून वीतभरही लांब नव्हतं.

"हो," मी म्हटलं, आणि त्याचा हात मीच धरला.