कोरडा नमदा

"गाडीत पुन्हा पाणी आलंय," पोस्टमास्तर फोनवर म्हणाले. "तुम्ही आजच या. नाहीतर मी ती भंगारात देऊन मोकळा होतो."

ज्यांना फोन केला त्या बाई इमारतींची गळती शोधायच्या. गच्ची, न्हाणीघर, टाकी, जिथे म्हणून पाणी नको तिथे शिरतं, तिथे त्यांना बोलावणं यायचं. लोक तोंडावर बाई म्हणत आणि मागे गळतीबाई. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पोस्टमास्तरांच्या गच्चीची गळती त्यांनीच थांबवली होती. गाडीची कधी शोधली नव्हती, पण पाणी ते पाणी, त्याला उतार मिळाला की ते जातं, एवढंच त्यांचं शास्त्र.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गोल पाठीची, राखाडी, पोस्टमास्तरांच्या वडिलांनी घेतलेली. शेडला एका बाजूने भिंत नव्हती, फक्त जाळीचं कुलूपबंद दार होतं, त्यामुळे पावसाची झड थेट समोरच्या काचेवर यायची. गाडी मात्र नवरीसारखी सजलेली होती. नवा रंग, नवी शिलाई, काचेभोवती नवं रबर. हे सगळं उस्तादने केलेलं. उस्ताद म्हणजे पोस्टमास्तरांचा लंगोटीयार. सगळा जन्म गाड्यांची बॉडी जोडण्यात गेलेला, आता रिकामा, मागे-पुढे कोणी नाही. सकाळी यायचा तो दिवे लागल्यावर घरी जायचा.

बाईंनी दार उघडलं. पुढचं कार्पेट ओलं होतं. त्यांनी ते कोपऱ्याला धरून उचललं, खालच्या नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड थरावर, तळहात दाबला, आणि हात बघत काही वेळ तशाच वाकून राहिल्या.

"हे कार्पेट कोण वाळवतं?"

"उस्ताद. मला वाकता येत नाही, कंबर गेलीय."

"तुम्ही कधी उचलून पाहिलंत?"

"नाही. का?"

बाईंनी कार्पेट पुन्हा खाली सोडलं. "आणखी काय बिघडतं पाणी आल्यावर? दिवे, भोंगा?"

"काही नाही. तेवढं घड्याळ." पोस्टमास्तरांनी डॅशबोर्डवरचं छोटं गोल घड्याळ दाखवलं. "पाणी आलं की मागे पडतं. अर्धा-पाऊण तास. मी लावतो, मग बरोबर चालतं. पुढच्या पाण्यापर्यंत."

"बंद पडत नाही?"

"बंद नाही. मागे पडतं."

मग पोस्टमास्तर शेडमधल्या बाकावर बसले आणि त्यांनी न विचारता बाकीचं सांगितलं. त्यांची थोरली बहीण दुसऱ्या गावी, मुलाकडे असायची. ती गाडी चालवायला शिकली ती याच गाडीवर, वडिलांच्या शेजारी बसून. मागच्या वर्षी तिचं दुखणं बळावलं. तिने निरोप धाडला, गाडी घेऊन ये, मला एकदा तिच्यात बसव. पोस्टमास्तर निघाले, तर आदल्या पावसात गाडीत पाणी. रबर काढून पुन्हा बसवलं, पुन्हा पाणी. बसने जातो म्हटलं तर उस्ताद म्हणाला, आठवडाभर थांब, करून देतो, रिकाम्या हाताने काय जातोस. पोस्टमास्तर थांबले. कार्पेट दोरीवर वाळत असतानाच ताई गेल्याचा फोन आला.

"आता भाचा म्हणतोय, मामा, एकटे कशाला राहता, इकडेच या. जायचं ठरवलं, याच गाडीने. तर परवा हे. त्याला कळवलं तेव्हा तो म्हणाला, आईच्या वेळीही गाडी गळत होती, मामा. यायचं नसेल तर तसं सांगा." ते थांबले. "एकच आहे तो मला. त्याला वाटतंय मी खोटं बोलतो."

बाईंनी विचारलं, शेडची किल्ली कोणाकोणाकडे असते. तिघांकडे, ते म्हणाले. त्यांच्याकडे, उस्तादकडे, आणि भाच्याकडे, कारण कामासाठी तो महिन्यातून एक-दोनदा इथेच मुक्कामाला असतो. मग जरा चाचरत त्यांनी हेही सांगितलं की भाच्याला या गाडीचा तिटकारा आहे, भंगारात घाला, हे त्याचंच वाक्य. परवा पाऊस पडला तेव्हाही तो याच घरात होता, पाणी दिसायच्या आधीच परत गेला. "पण तो तसं काही करणार नाही," असं म्हणून ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"रविवारी सगळ्यांना बोलवा," बाई म्हणाल्या. "गाडीला आंघोळ घालू."

रविवारी भाचा आला तो घुम्या तोंडाने. उस्ताद आधीपासून होताच, फडक्याने पुसलेली गाडी पुन्हा पुसत. बाई पायपाची गुंडाळी सोडवत भाच्याला सहज म्हणाल्या, "जरा बॅटरीची वायर काढून ठेवता? पाणी मारायचंय."

भाच्याने बॉनेट उघडलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग आत डोकं घातलं. पोस्टमास्तरांना कितीतरी दिवसांनी हसू आलं. "अरे, या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असते. बाहेर ये, डोक्यावर पडेल ते झाकण." उस्तादने मागची सीट उचलली, खिशातून पाना काढला आणि वायर सोडवली. बघता बघता झालं.

बाईंनी काचेच्या रबरावर आतून खडूची भुकटी लावली. पाणी कुठूनही आलं तरी पांढऱ्यावर ओघळ उमटणार. मग उस्तादला टॉर्च देऊन पुढच्या सीटवर बसायला सांगितलं. उस्ताद तो लावून बसला. दारं बंद झाली.

बाईंनी खालून सुरुवात केली. आधी दाराचा उंबरा, मग बिजागऱ्या, मग काचेचा खालचा काठ, मग कोपरे, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी बराच वेळ पाणी सोडायचं, थांबायचं, विचारायचं.

"आलं का?"

"नाही," आतून उस्ताद.

"आता?"

"नाही."

शेड पाण्याने भरली, भाच्याचे बूट भिजले. पाइप बंद करून बाईंनी दार उघडलं. खडू जसाच्या तसा होता.

"उस्ताद, रबर नीट बसलंय ना?"

"माझ्या हातचं आहे," उस्ताद म्हणाला. आवाजात थोडा ताठा होता.

"म्हणजे गळत नाही."

उस्तादने टॉर्च विझवला. तो उतरला नाही.

"मग पाणी येतं कुठून?" भाच्याने विचारलं.

"वरून. हाताने," बाई म्हणाल्या. "काचेतून आलेलं पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि कार्पेटच्या खाली साठतं. आधी नमदा भिजतो, कार्पेट सगळ्यात शेवटी. इथे कार्पेट चिंब आणि नमदा खडखडीत. कोणीतरी तांब्याभर पाणी वरून शिंपडलंय, पाऊस पडेल त्या दिवशी, म्हणजे संशय पावसावर जाईल."

पोस्टमास्तरांनी भाच्याकडे पाहिलं. ते भाच्याच्या लक्षात आलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"त्याच्याकडे बघू नका," बाई म्हणाल्या. "मलाही आधी तोच वाटला होता. पण तुमचं घड्याळ मध्ये आलं. पाण्याने बिघडलं असतं तर बंदच पडलं असतं. ते गाडीच्या बॅटरीवर चालतं, आणि मागे पडून पुन्हा चालायचं. म्हणजे कोणीतरी मधला अर्धा-पाऊण तास बॅटरी सोडवत होतं. पाणी टाकायचं, जास्तीचं टिपायचं, वायरींना धोका नाही याची खात्री करायची, मग बॅटरी पुन्हा जोडायची. जो गाडी भंगारात काढायला बसलाय, तो तिच्या वायरी कशाला जपेल? आणि याला तर बॅटरी कुठे असते तेही माहीत नाही, आत्ता सगळ्यांनी पाहिलं. तुम्हाला ती सीट उचलवत नाही."

बोलताना त्या गाडीकडे बघत नव्हत्या. "गळती हवी होती तर रबर सैल बसवलं असतं की काम झालं असतं. कोणाला शंकाही आली नसती. पण वाईट काम त्या हाताला जमेना. म्हणून पाणी ओतावं लागलं."

पोस्टमास्तर गाडीच्या उघड्या दाराशी गेले.

"उस्ताद?" पोस्टमास्तर म्हणाले.

"गाडी झाली की तू जाणार होतास," उस्ताद आतूनच म्हणाला. "पहिल्या वेळी वाटलं, दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ. मग सवय लागली."

"ताई वाट बघत होती. तुला माहीत होतं."

"वाटलं, आहे अजून वेळ. देवाशपथ, एवढं होईल असं नव्हतं वाटलं मला."

"मी बसने जातो म्हणालो होतो. तू म्हणालास, थांब."

उस्ताद गाडीतून खाली उतरला.

परक्याने केलं असतं तर पोस्टमास्तर ओरडले असते. हा त्यांच्या ताटात जेवलेला माणूस होता. ताई गेल्याचा फोन आला तेव्हा याच्याच खांद्यावर डोकं ठेवून ते रडले होते, आणि याने पाठीवर हात फिरवला होता. तो हात त्यांना आठवला. त्यांनी तळहात पुढे केला. उस्तादने शेडची किल्ली जुडग्यातून काढायला फार वेळ लावला. जुडग्यात मग त्याच्या घराची एकच किल्ली उरली. जाताना त्याने मागची सीट उचलून बॅटरी मात्र जोडली.

त्याच दुपारी मामा-भाचे निघाले. भाचा पुढे बसायला आला तेव्हा मामा म्हणाले, "मागे बस. ती जागा तिची आहे." भाचा मागे बसला.

अर्ध्या वाटेवर पाऊस लागला. असा, की वायपर असून नसल्यासारखे. भाच्याने पुढे वाकून रिकाम्या सीटसमोरच्या कार्पेटवर हात फिरवला, मग ते उचलून खालीही चाचपून पाहिलं.

"मामा, सगळं कोरडं आहे."

पोस्टमास्तरांनी मान हलवली. ते अजून थोडं अंतर गेले. बाहेर पाण्याचा नुसता मारा चालला होता आणि आत, काचेच्या कोपऱ्यात, दारापाशी, ताईच्या सीटवर, कुठे एक थेंब नव्हता. गाडी गेल्या वर्षीही अशीच कोरडी होती. त्यांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि भाच्यासमोर लाज न बाळगता रडू लागले.